खांबवाल्या बाई आणि विझलेली चारशे बारा गावं

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू "बरं, ठेव आता" म्हणतेस आणि पत्र मात्र चारदा वाचतेस, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून पत्र. बसून वाच, कारण तुझी भाची मोठा पराक्रम करून बसलीय!

तू मागे विचारलं होतंस, दिवसभर खुर्चीत बसून मी नक्की करते तरी काय? ऐक. एक उपग्रह रोज रात्री दीडच्या सुमारास तुझ्या डोक्यावरून जातो आणि खालच्या दिव्यांचा फोटो काढतो. साऱ्या पृथ्वीचा, रोजच्या रोज. मी त्या फोटोंतून चांदणं वजा करते, ढग वजा करते, जंगलातले वणवे आणि मासेमारीच्या होड्या वजा करते. (पहिल्या महिन्यात होड्या वजा करायच्या राहिल्या आणि मी भर समुद्रात अडीच लाख वस्तीचं शहर वसवलं. ऑफिसात अजून मला 'महापौर' म्हणतात.) उरतो तो माणसांनी लावलेला उजेड. असे बारा वर्षांचे फोटो एकापाठोपाठ एक बघितले की शहरं वाढताना दिसतात, दूध उतू जाताना दिसतं ना, तशी. उजेड वाढला तिथे मी लाल रंग देते, घटला तिथे निळा.

मोठी शहरं फुगताहेत हे काही नवीन नाही गं. मला सापडलंय ते वेगळंच! गेल्या तीन वर्षांत जगभरातली चारशे बारा लहान गावं विझत चाललीत. कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं! आमच्या विभागाच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्या कधी कोणाला शाबासकी देत नाहीत. त्या माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "चांगलं काम आहे." मला दोन दिवस जेवण गेलं नाही. एप्रिलअखेर नकाशा छापायला जाणार, खालच्या कोपऱ्यात माझं एकटीचं नाव. नवी इस्पितळं, नव्या शाळा कुठे काढायच्या हे ठरवणारी मंडळी तो समोर ठेवून बसणार.

आता वाईट बातमी. त्या चारशे बारांत आपलं गाव आहे. सव्वा वर्षात उजेड एक तृतीयांश कमी झालाय. आत्या, तू काही बोलली नाहीस. माणसं गाव सोडून चाललीत का? मागच्या पत्रात तुझं अक्षरही किती थरथरलेलं होतं. बाबा म्हणतात, तिला इकडेच घेऊन येऊ. खोली तयार आहे. खिडकीतून रस्त्यावरचे सात दिवे दिसतात, मी मोजलेत तुझ्यासाठी.

तुझी,
भिंगरी

---

१३ फेब्रुवारी

भिंगरे,

डोक्यावर पडलीस की काय?

मी गाव सोडू? कुठलं गाव? ज्या गावात मला मंडईसमोरचा रस्ता ओलांडायला दहा मिनिटं ताटकळावं लागतं, ते ओस पडलं म्हणे! कोपऱ्यावरच्या कपाटवाल्यानं दुकानावर दोन मजले चढवलेत. शाळेत पहिलीच्या तीन तुकड्या होत्या, त्या पाच झाल्या, आणि शिपाई सांगतो की बाकं कमी पडतात म्हणून पोरं पाळीपाळीनं खिडकीत बसतात. टेकडीखाली नवी वसाहत झाली, तिथे माझ्या डोळ्यांदेखत सहा इमारती उभ्या राहिल्या. विझलं म्हणे! तुझ्या त्या उपग्रहाला आधी चष्मा लाव.

एकतीस वर्षं ह्या गावाचे रस्त्यावरचे दिवे मी सांभाळलेत. पहिली बाई वायरमन खांबावर चढते म्हणून लोक खाली जमून तमाशा बघायचे. पुढे सवय झाली, मग 'खांबवाल्या बाई' म्हणायला लागले, आणि आता माझं खरं नाव पोस्टमनलाही आठवत नाही. ह्या गावात कुठला दिवा कधी लागतो, कधी मिचमिचतो, हे मला तुझा तो टिनाचा डबा सांगणार?

अक्षराचं म्हणशील तर पेन दळभद्री आहे. तुझ्या बापाला सांग, मी लहानपणी त्याला शाळेत पोचवायची, त्यानं मला कुठे पोचवायची गरज नाही. सात दिव्यांची खोली त्यालाच दे.

आणि शाबासकीबद्दल मनापासून आनंद झाला. ते आधी लिहायला हवं होतं, पण तू डोकंच फिरवलंस.

आत्या

---

२२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू रागावलीस, म्हणजे काहीतरी नक्की आहे.

मी आपलं गाव पुन्हा तपासलं, एकदा नाही, सहा वेळा. ढग नाहीत, यंत्रात बिघाड नाही. गेल्या वर्षीच्या सुरुवातीपासून उजेड उतरायला लागला, आधी बाजारपेठ, मग नदीकडची बाजू, मग शाळेचा भाग. एकेक मोहल्ला रिकामा व्हावा तसा. आत्या, मला माणसांच्या गप्पांपेक्षा आकड्यांवर विश्वास ठेवायला शिकवलंय. तूच शिकवलंस! फ्यूज गेला की मी नवव्या वर्षी रडत बसले होते, तेव्हा म्हणाली होतीस, "रडून दिवा लागत नाही. टेस्टर लावून बघ, तो सांगेल कुठे वीज आहे आणि कुठे नाही." मी टेस्टर लावला, आणि तो सांगतोय की तिथे वीज नाही.

तुला तिथे एकटं वाटत असेल आणि कबूल करायचं नसेल, तर तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू पाचव्या मजल्यावरून पडलीस तरी उठून म्हणशील, "उतरायचंच होतं." पण अक्षर पेनामुळे इतकं बिघडत नाही. बाबांनी दहा मार्चचं तिकीट काढलंय. दोन रिकाम्या बॅगा घेऊन येताहेत.

रागाव, पण ये.

भिंगरी

---

२ मार्च

भिंगरे,

तिकीट रद्द कर. आत्ताच्या आत्ता. मग पुढचं वाच.

बरं, सांगते. सांगणार नव्हते, कारण तुझा बाप बोंबाबोंब करील. मी पुन्हा कामावर आहे. गेल्या वर्षी नगरपालिकेनं गावातले सगळे जुने पिवळे दिवे काढून नवे पांढरे एलईडी लावायचं ठरवलं. नव्या इंजिनिअरला ना खांबांचे नंबर माहीत, ना कुठल्या खांबाच्या पोटात कुठली तार सडलीय ते. तो हात जोडून दारात आला. त्रेसष्टाव्या वर्षी मला कोणी हात जोडून कामाला बोलावतंय म्हटल्यावर मी काय नाही म्हणणार होते? चपला घालायच्या आधी हो म्हटलं. पाच पोरी हाताखाली आहेत, एकीपेक्षा एक तिखट. मी त्यांना खांब शिकवते.

जानेवारीत शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून पाय सटकला. दुसऱ्या! तिसावी असती तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. उजवं मनगट मोडलं, हाड दोनदा जुळवावं लागलं, अजून प्लास्टर आहे. म्हणून हे असलं डाव्या हाताचं अक्षर. तेव्हापासून मी खाली उभी राहून नुसती ओरडते आणि पहिल्या दिवसापासून चालू असलेल्या वहीत टाचण ठेवते. झालं समाधान?

आता ऐक, माझ्या डोक्यात काल शिरलं ते. तू लिहिलंस, आधी बाजारपेठ, मग नदीकडची बाजू, मग शाळेचा भाग. मी वही काढली. भिंगरे, आम्ही दिवे बदलले ते ह्याच क्रमानं. बाजारपेठ, नदी, शाळा! माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

जुना पिवळा दिवा कसा असायचा माहितीय ना? फुटक्या नळातून पाणी उडावं तसा, अर्धा उजेड रस्त्यावर, अर्धा आभाळात. नव्या दिव्याला वर टोपी असते. सगळा उजेड खाली. रस्त्यावर पडलेली सुई दिसते. लोक म्हणतात, गाव कधी नव्हे इतकं लखलखतंय. पण तुझा तो डबा वर बसलाय आणि आम्ही दिव्याचं तोंड खाली वळवलंय. त्याला काय कपाळ दिसणार?

मोहल्ले रिकामे नाही झाले. तिथून मी गेले, एवढंच.

आत्या

---

९ मार्च

आत्या!!

आधी हे : प्लास्टर?? दोनदा?? आणि मला पेनाचं कारण? तुझ्याशी ह्यावर वेगळं भांडण होणार आहे, ते राखून ठेवते. बाबांना थांबवलंय. हाताबद्दल सांगितलेलं नाही, पण ते उपकार आहेत, हे लक्षात ठेव.

आता दुसरं. तुझं पत्र वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. उपग्रहाचा डोळा पिवळ्या-तांबड्या उजेडाला तीक्ष्ण आहे, निळसर पांढऱ्या उजेडाला जवळजवळ आंधळा. हे मला माहीत होतं! परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत मी ह्याचे! पण आम्ही धरून चाललो होतो की फरक किरकोळ असेल. वरून तुझी टोपी! रंग दिसत नाही आणि जो थोडा दिसायचा तोही खाली वळवलेला. आणि हे दिवे काय फक्त आपल्याच गावात बदलताहेत? लहान गावांत काम पटकन उरकतं, म्हणून तीच आधी विझलेली दिसत असतील, तर?

तर माझा शोध गेला, आत्या. चारशे बारा गावांना मी मेलेलं ठरवलंय आणि ती कदाचित नवे दिवे लावून मजेत बसलीत. अठ्ठावीस तारखेला सगळ्यांसमोर नकाशा मांडायचा आहे. तो तसाच गेला तर आपल्या गावाला नवं इस्पितळ मिळणार नाही, कारण तुझी भाची म्हणते तिथे कोणी राहत नाही. आणि मी उठून 'चुकलं' म्हणाले, तर तीन वर्षांचं काम पाण्यात, वर पुरावा काय? आत्या म्हणाली, हा?

म्हणून पुरावा मिळवू या. मला झोप येत नाहीये इतकं सुचलंय! तुमच्या चार वसाहती अजून बदलायच्या राहिल्यात, हे मी फोटोवरून सांगू शकते, कारण चारच जागी अजून जुना भगभगीत उजेड दिसतो. इस्पितळाजवळची, गिरणीमागची, टेकडीखालची आणि बसडेपोकडची. त्यातली कुठली घेणार ते मला सांगू नकोस. सोमवारी चौदा तारखेला काम सुरू कर. रोज काय केलंस ते वहीत लिही. मी इथे फोटो बघून लिहीन. एकवीस तारखेला दोघींनी आपापलं पत्र टाकायचं. फोन नाही, कोणाकडून निरोप नाही. बाबांकडून तर अजिबात नाही, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

उपग्रहाला वस्ती दिसते का माझ्या आत्याचा हात, ते कळेल.

भिंगरी

---

२१ मार्च

प्रिय आत्या,

हे पत्र मी दोनदा लिहिलं. एक प्रत तुला, एक बंद पाकिटात माझ्या कपाटात.

टेकडीखालची वसाहत! सोमवारी खालच्या अंगाचा उजेड कमी झाला. मंगळवारी ढग, काही सांगू शकत नाही. बुधवारी बघते तर निम्म्याहून जास्त वसाहत उतरलेली. गुरुवारी काहीच हललं नाही. कामचुकारपणा की काय? शुक्रवारी उरलेलं सगळं झालं.

एकच गोष्ट जुळत नाही आणि ती मला छळतेय. शनिवारी, काम संपल्यावर, टेकडीच्या माथ्यावर एकदम उजेड वाढला. भरपूर. रविवारी पुन्हा नाही. तुझ्या दिव्यांमुळे उजेड वाढायला नको. तेवढं चुकलं असेल तर सगळंच चुकलं असेल, असं मन म्हणतंय.

धडधडतंय. हस, पण धडधडतंय.

भिंगरी

---

२१ मार्च

भिंगरे,

तुझ्या हुकुमाप्रमाणे तोंड शिवून बसलेय. सकाळी मंडईत इंजिनिअर भेटला, तर त्यालाही नीट उत्तर दिलं नाही. घे, वहीतून उतरवून देते.

टेकडीखालची वसाहत, एकूण तीनशे सहा खांब. सोमवारी खालच्या रस्त्यापासून सुरुवात, अठ्ठावन्न झाले. मंगळवारी एकसष्ट. बुधवारी पोरींना सांगितलं की हे सगळं आभाळातून कोणीतरी बघणार आहे, तर त्यांनी एका दिवसात अठ्ठ्याण्णव उरकले. एकीनं तर वर बघून हातही हलवला. दिसली का? गुरुवारी शिडीच्या गाडीचा टायर बसला, दिवस फुकट, मी दिवसभर गॅरेजवाल्याचं डोकं खाल्लं. शुक्रवारी उरलेले एकोणनव्वद.

शनिवारी सुट्टी. पण टेकडीच्या माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीचा मोठा पाइप फुटला, म्हणून पाणीखात्यानं आठ मोठे जुने पिवळे दिवे लावून रात्रभर खोदकाम केलं. दिवे माझ्याकडूनच मागून नेले, परत आणून दिलेत धड, नशीब. ह्याचा तुझ्याशी काही संबंध नसेल, पण तू म्हणालीस सगळं लिही, म्हणून लिहिलं.

काय दिसलं ते लवकर कळव. मी कोणापुढे कधी परीक्षेला बसले नाही, आणि ह्या वयात तू बसवलंस.

आत्या

---

२८ मार्च

आत्या, आत्या, आत्या!

तुझं पत्र आज सकाळी आलं. आजच! बैठकीला तासभर उरला असताना! मी ते उघडलं नाही. हात शिवशिवत होते, पण नाही उघडलं.

बैठकीत उठले आणि म्हणाले, "छपाई थांबवा. माझा शोध चुकीचा आहे, असं मला वाटतं." मग माझ्या कपाटातलं पाकीट मी मोठ्या बाईंसमोर ठेवलं, आणि शेजारी तुझं, न फोडलेलं. म्हणाले, "ह्यातलं एक मी आभाळातून लिहिलंय आणि एक माझ्या आत्यानं जमिनीवरून. तुम्हीच फोडा."

बाईंनी चष्मा लावला. आधी माझं वाचलं, मग तुझं. टेकडीखालची म्हटल्यावर मागून कोणीतरी "अरे!" म्हणालं. टायर बसला म्हटल्यावर सगळे हसले. आणि पाण्याच्या टाकीवर आल्या, तेव्हा बाई थांबल्या, माझी ओळ पुन्हा वाचली, तुझी ओळ पुन्हा वाचली आणि चष्मा काढून ठेवला. मी रडत होते, आत्या. खरंच, भर बैठकीत. शोध माझा बुडत होता आणि मला नाचावंसं वाटत होतं!

बाई म्हणाल्या, "ह्या कोण?" मी म्हणाले, "त्यांना गावात खांबवाल्या बाई म्हणतात." त्या म्हणाल्या, "त्यांच्या वहीची नक्कल मिळेल का? सगळी?"

छपाई जूनवर गेली. मला कामावरून काढलेलं नाही. हे विचारायचं मला धैर्यच झालं नव्हतं, पण निघताना बाई स्वतःच म्हणाल्या, "महापौर, उद्या लवकर या."

भिंगरी

---

२ मे

प्रिय आत्या,

वही मिळाली. पाच जण तिच्यावर तुटून पडलेत. तुझ्या प्रत्येक खांबामागे उजेड किती उतरला, ते काढून आम्ही दुरुस्तीचं गणित बसवलं. मग एकेका गावाला विचारत गेलो, तुमच्याकडे दिवे कधी बदलले? चारशे बारांपैकी तीनशे पंधरा गावं परत लाल झाली! तीनशे पंधरा! त्यातली निम्मी तर भराभर वाढताहेत. आपलं गाव चक्क टेकडीच्या पलीकडे पोचलंय.

सत्त्याण्णव मात्र निळीच राहिली. त्यांच्याकडून उत्तर आलं नाही. दुरुस्तीनंतरही ती खरंच विझताहेत असं दिसतं. म्हणजे माझा शोध अगदीच बुडाला नाही. बाई म्हणतात, सत्त्याण्णव हाही मोठा आकडा आहे, पंधरा जूनला छापू. कोपऱ्यात माझ्या नावाशेजारी तुझंही घालणार, म्हणून विचारताहेत कुठलं घालू, कागदावरचं की गावातलं?

हात कसा आहे? खरं सांग.

भिंगरी

---

११ मे

भिंगरे,

हात बघ. हे उजव्या हाताचं अक्षर आहे. प्लास्टर सुटलं आणि सगळ्यात आधी मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढून उतरले, तिची जिरवायला.

तुझा बाप अखेर आलाच. दोन रिकाम्या बॅगा घेऊन आला, आठ दिवस राहिला, मंडईसमोर रस्ता ओलांडताना दोनदा माझा हात धरला, आणि बॅगा रिकाम्याच घेऊन परत गेला. तुझा मला फार अभिमान वाटतो, पोरी. शोध लागल्याचा वाटला होता त्याहून जास्त, तो तू सगळ्यांसमोर मोडलास त्याचा. हे एकदाच लिहिते, पुन्हा मागू नकोस.

नाव गावातलं घाल. कागदावरचं घातलंस तर इथे कोणाला कळणार नाही ती कोण ते.

पण त्या सत्त्याण्णवांनी मला झोपू दिलं नाही. उत्तर आलं नाही म्हणतेस. उत्तर मागितलंस कोणाला? ऑफिसांना ना? अगं, आमच्या ऑफिसात आलेलं पत्र टेबलाच्या पायाखाली जातं, टेबल डुगडुगू नये म्हणून. आपलं गाव वाचलं ते इथे एक भांडकुदळ बाई तुला तोंडावर खोटं पाडायला बसली होती म्हणून. त्या गावांना तुझ्यासारखी भाची नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. खरंच माणसं गेली असतील, तर तेही कोणीतरी तोंडानं सांगू दे की. वरून बघून कोणाला गेलेलं ठरवू नकोस, एकदा ठरवून बसली होतीस.

खांब कुठल्याही देशातला असो, त्याच्याखाली एक वायरमन असतोच. त्याला लिही. छापायच्या आधी लिही. तुला जमायचं नाही, तू फार लांबण लावतेस, म्हणून मीच लिहिलंय. सोबत जोडलंय. ज्याच्या त्याच्या भाषेत करून घे, सत्त्याण्णव प्रती काढ आणि पाठव.

आत्या

*

तुमच्या गावात रस्त्यावरचे दिवे जो सांभाळतो, त्याला,

मीही तेच काम करते. आमच्या भागात मला खांबवाल्या बाई म्हणतात.

आभाळातून बघणारे म्हणतात, तुमचं गाव विझत चाललंय. आमच्याबद्दलही असंच म्हणाले होते. ते आम्ही दिवे बदलले म्हणून. तुमच्याकडे काय झालं? दिवे बदललेत, का माणसं गेलीत? कुठला दिवा कधीपासून लागत नाही आणि त्याच्याखाली कोण राहायचं, ते तुम्हाला माहीत असणार. इतर कोणाला नसतं.

जे असेल ते लिहा. अक्षराची काळजी करू नका. माझी भाची वाचते.